पणजोबांची तारीख

माझ्या सायकलला पहिली चिठ्ठी लागली ती आम्ही तोक्योच्या एदोगावा भागातल्या त्या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात. जाड तपकिरी पुठ्ठ्याची, बारीक तारेने हँडलला अडकवलेली. वर सुवाच्य अक्षरात तारीख, वेळ, सापडल्याचं ठिकाण (जिन्याखाली, डाव्या बाजूला), वस्तूचं वर्णन (निळी सायकल, पुढे टोपली, टोपलीत एक कांदा) आणि शेवटी ‘मालक’ या शब्दापुढे रिकामी जागा. मालक मीच होते आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. सायकल ठरलेल्या जागेपासून हातभर लांब होती, एवढंच.

हे आमचे घरमालक. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना ओओया-सान, म्हणजे ‘घरमालक’ असंच म्हणत असे. ते मला ओकुसान म्हणत. आपल्याकडच्या ‘वहिनी’ आणि ‘बाई’ यांच्या मधलं काहीतरी. बारा वर्षांत आम्ही एकमेकांना नावाने हाक मारली नाही, आणि त्यात काही अडलंही नाही.

ते तळमजल्यावर एकटे राहत. बायको आम्ही येण्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. मागच्या वाफ्यात कोमात्सुना ही इथली पालेभाजी लावत आणि जास्त झाली की आमच्या दाराला पिशवी अडकवून जात. मी तिची पालकासारखी डाळ घालून भाजी करायचे. एकदा वाटीभर खाली नेऊन दिली, तर वाटी परत आली ती चिठ्ठीसकट. ‘मालक’ या शब्दापुढे या वेळी मात्र त्यांनी ‘तिसरा मजला’ असं लिहिलं होतं. ओळख झाल्याची ती पावती.

त्यांची सगळी नोकरी एका रेल्वे कंपनीच्या हरवले-सापडले खात्यात गेली होती. छत्र्या, पिशव्या, कवळ्या, एकदा म्हणे जिवंत कासव. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला मुदत. निवृत्त झाले तेव्हा कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक खोका साहेबांना रीतसर विचारून घरी घेऊन आले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “वस्तू हरवत नाही, ओकुसान. ती कुठेतरी असतेच. हरवतो तो मालक.” कचरा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला तरी हेच वाक्य, आणि पिशवीला चिठ्ठी.

मी शनिवारी सकाळी दहाला त्यांच्याकडे जायला लागले त्याला कारण इंग्रजी. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणीचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. त्यांना इंग्रजी छापील अक्षर लागायचं, हाताचं लागायचं नाही. आणि त्यांच्याकडे हाताने लिहिलेल्या इंग्रजीचा ढीग होता, कारण त्यांचे पणजोबा इंग्रज होते.

हे त्यांच्याकडे बघून कुणाला पटलं नसतं. बुटके, चपटं नाक, थंडीत लोकरीची टोपी, शर्टाच्या बाह्यांवर कारकुनी काळ्या कापडी खोळी. पण त्यांच्या आजीचे वडील योकोहामाच्या गोदीत बॉयलरचं काम करायला आलेले इंग्रज कारागीर होते. एका जपानी बाईबरोबर नऊ वर्षं राहिले, मुलगी झाली, ती चार वर्षांची असताना ‘येतो’ म्हणून मायदेशी गेले आणि आले नाहीत. मागे राहिलं ते एक छोटं प्रार्थनेचं पुस्तक. त्याच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आणि इंग्लंडमधल्या त्यांच्या गावाचं नाव. आजी सांगायची की बाबांचं तिकडे मोठं विटांचं घर आहे.

आता इतक्या वर्षांनी ते शोधायचं कशासाठी, हे मी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं. त्यांनी मला त्यांचा देव्हारा दाखवला. आपल्यासारखे देव कमी, पूर्वज जास्त. त्यात एका छोट्या स्टँडवर घडीघडीची वही उघडून ठेवलेली. त्या वहीला काकोचो म्हणतात. महिन्याच्या एकतीस तारखांची एकतीस पानं. घरातलं माणूस ज्या तारखेला गेलं, त्या पानावर त्याचं नाव. रोज सकाळी पान उलटायचं. ज्याचं पान येईल त्याला त्या दिवशी भात आणि उदबत्ती.

“आजी गेली तेव्हा ताईला सांगून गेली,” ते म्हणाले. “‘माझ्या बापाला एक पान द्या.’ ताई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. दर भेटीत विचारते, सापडली का तारीख?”

ही ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. इचिकावाच्या एका वृद्धाश्रमात असायची. म्हणजे काम स्पष्ट होतं: एक तारीख शोधायची, आणि ती ताई असेपर्यंत. वर्ष, महिना मिळाला तर बरंच, पण तारीख हवीच. मी व्यवहारी उपाय सुचवला. म्हटलं, आमच्याकडे ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठी एक दिवस ठरलेला असतो, सर्वपित्री अमावास्या. सगळे एकदम उरकतात. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. मग म्हणाले, “आमच्या खात्यातही होतं तसं. मुदत संपलेल्या छत्र्या एकत्र बांधून ठेवायच्या. पण ज्याची छत्री असते त्याला ती एकटीच हवी असते.”

त्यांची शोधायची पद्धत खात्यातलीच होती. इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या आता स्कॅन करून संगणकावर टाकल्या आहेत: बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. ते रोज कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन त्यांच्या छापील प्रती काढत. तिथल्या मुलीला वाटायचं आजोबा परीक्षेला बसलेत. प्रत्येक कागदाला चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, वर्णन, मालक.

अडचण अशी की पणजोबांचं नाव अगदी साधं होतं. त्या नावाची माणसं त्या एका जिल्ह्यातच पाच निघाली. त्यातले चार चुकीचे ठरले, तेव्हा मी ते कागद कचऱ्यात, कागद उचलण्याच्या दिवशी, टाकायला निघाले. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले. मालक मिळेपर्यंत टाकायचं नाही. मग त्यांनी संकेतस्थळांवर आपापली वंशावळ मांडणाऱ्या लोकांना पत्रं लिहायला घेतली. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा. ‘हवामान थंड होत आहे, तब्येत सांभाळावी. आपले खापरपणजोबा माझ्याकडे आहेत. ओळख पटवून घेऊन जावे.’ मी म्हटलं, हे धमकीचं पत्र वाटेल. त्यांनी विचार करून ‘सुस्थितीत’ हा शब्द वाढवला. कॅनडातल्या एका बाईंनी खरंच उत्तर पाठवलं, सोबत आभार आणि आपल्या आजीचा फोटो. त्या दिवशी ते इतके खूश होते की माझी सायकल स्वतः उचलून जागेवर लावून आले. उरलेल्या तिघांना कुणी न्यायला आलं नाही. ते देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात राहिले आणि पणजोबांच्या शोधाच्या आशेने लावलेल्या उदबत्तीचा धूर त्यांनाही मिळत राहिला.

खऱ्या पणजोबांचा बाप्तिस्मा प्रार्थनेच्या पुस्तकातल्याच गावी सापडला. आईचं नाव होतं, वडिलांचा रकाना मोकळा. मला जरा संकोच वाटला, कसं सांगावं. त्यांनी स्वतःच बोट ठेवलं, आणि म्हणाले, “सापडलेली वस्तू, मालक अज्ञात.” पुढे त्या आईचं लग्न दुसऱ्याशी लागलेलं मिळालं. तिच्या नावाशी फुलीची खूण पाहून मात्र ते गडबडले. इथल्या जुन्या कुटुंब-नोंदणीत घरातून बाहेर पडलेल्या माणसावर फुली मारत, तेव्हा लग्नाच्याच दिवशी हिला काढून टाकलं की काय असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, काढली नाही, तिला लिहिता येत नव्हतं; माझी पणजी अंगठा उठवायची. त्यांनी माझ्या पणजीचं नाव विचारून घेतलं आणि तेही कुठेतरी लिहून ठेवलं.

दफनाची नोंद मिळाली त्या शनिवारी मी घाईत होते, हे सांगायला हवं. नाव बरोबर, वय बरोबर, व्यवसाय बॉयलर कारागीर, तारीख चौदा. पत्ता एका रस्त्यावरचा, घर क्रमांकासकट. ओओया-साननी विचारलं, “ओकुसान, ही पुरल्याची तारीख. गेल्याची कुठली?”

मी म्हटलं, तीच. फार तर आदल्या रात्रीची. माणूस गेल्यावर कोण ठेवतं घरात? माझ्या लहानपणी सांगलीत सकाळी गेलेल्या माणसाला दुपारी चारपर्यंत पोचवून लोक आंघोळ करून घरी आलेले असायचे. मला दुसरं काही सुचलंच नाही. इथे तोक्योत लोक दहनाच्या जागेसाठी आठ-आठ दिवस थांबतात हे मी रोज बघत होते, तरीही. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण इंग्रजी माझ्याकडे होतं. त्यांनी हात धुतले, ब्रश आणि शाई काढली आणि चौदाच्या पानावर पणजोबांचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी पान मिटलं नाही.

पुढच्या रविवारी ते ताईंना सांगून आले. ताईंनी पत्ता विचारला, मोठ्या भिंगातून वाचला आणि म्हणाल्या म्हणे, रस्त्याला नाव आहे, घराला नंबर आहे, म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती. चौदा तारखेला आश्रमातल्या आपल्या खोलीत त्यांनी भाताची वाटी ठेवायला सुरुवात केली.

मग माझ्या सायकलला चिठ्ठ्या लागणं बंद झालं. मी मुद्दाम एकदा ती जिन्यासमोर आडवी लावली. काही नाही. दोन शनिवार त्यांनी ‘वाफ्यात काम आहे’ सांगून मला परत पाठवलं. तिसऱ्या शनिवारी मी आत जाऊन बसलेच.

त्यांनी त्या गावाचा जुना नकाशा मोठा करून छापून आणला होता, आठ कागद जोडून. पत्त्यावरची इमारत नकाशावर लाल रंगवलेली, म्हणजे खरोखर विटांची होती आणि प्रचंड होती, चार बाजूंना चार पाखी, मधे चौक. नाव मात्र बारीक अक्षरात एका कडेला छापलेलं. ते गावाचं गरीबखानं होतं. ज्यांना कुणी नाही, ज्यांच्या हातून काम होत नाही, त्यांना गावाच्या खर्चाने ठेवायची जागा. नोंदवहीत नुसता रस्ता आणि नंबर घातला की वाचणाऱ्याला लाज वाटत नाही, म्हणून तसं लिहीत असावेत.

मी म्हटलं, गरीबखान्याचे स्वतःचे कागद असणार. आपण मागवू. ते म्हणाले, मागवले, आलेत, पण मला वाचायचे नाहीत. मग म्हणाले, वाचा.

एका कागदावर प्रश्नोत्तरं होती. गरिबाला कुठल्या गावाने पोसायचं यावर तिथे गावागावांत वाद असायचे, म्हणून अधिकारी त्याला शपथेवर विचारत: कुठे जन्मलास, कुठे काम केलंस, कुठे सलग किती वर्षं राहिलास. मला हे प्रश्न ओळखीचे वाटले. व्हिसाच्या अर्जात मी दर काही वर्षांनी तेच भरत आले आहे. पणजोबांनी इतर ठिकाणचं काम महिन्यांत सांगितलं होतं. सलग वर्षं त्यांनी एकाच जागी काढली होती: योकोहामा, नऊ वर्षं, एकाच घरात. समासात कारकुनाने लिहिलं होतं, ‘तिथे पाठवता येणार नाही.’

दुसरा कागद मृत्यूंच्या वहीतला. त्यात गेल्याची तारीख होती. नऊ.

मी तो रकाना तीनदा तपासला. नऊला गेले, चौदाला पुरले. शेजारी ‘जवळचं नातेवाईक’ असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, मुलगी, जपान. त्यापुढचा ‘कळवलं’ हा रकाना रिकामा.

कागद पाठवणाऱ्या तिकडच्या अभिलेखागारातल्या बाईंना मी मेल करून विचारलं की पाच दिवस का. त्यांचं उत्तर आलं: बहुधा कुणी देह न्यायला येतंय का याची वाट पाहिली असेल. मी ते भाषांतर करून सांगितलं. ओओया-सान बाहीवरची खोळ सरळ करत राहिले.

“म्हणजे मुदत पाच दिवसांची होती,” ते म्हणाले. “आम्ही मुदतीनंतर आलो.”

चूक माझी होती, म्हणून ताईंकडे मीही जाणार असं मी सांगितलं. ते नको म्हणाले. ताईला गरीबखान्याचं सांगायचंच नाही, तारीखही राहू दे, शाई वाळली आहे, त्या वहीत खाडाखोड करत नाहीत. मी म्हटलं, चुकीची चिठ्ठी लावलेली छत्री तुमच्या खात्यात चालली असती का? हे मी जरा कठोरपणे म्हटलं. त्यांनी टोपी घातली.

ट्रेनमध्ये वही त्यांच्या मांडीवर, रुमालात बांधलेली. इचिकावाला ताई खिडकीशी बसल्या होत्या, भावापेक्षाही बुटक्या आणि त्याच्यापेक्षा खणखणीत. मी आधी माझी चूक सांगून कमरेत वाकून माफी मागितली. मग ओओया-साननी सगळं सांगितलं, खात्यातल्या अहवालासारखं, ठिकाण, तारीख, वर्णन. गरीबखान्याशी येऊन थांबले, मग तेही सांगितलं.

ताईंनी नकाशा मागितला. चार पाखी बोटाने मोजली.

“घर मोठं होतं, हे तरी खरं,” त्या म्हणाल्या. मग, “पाच दिवस कोण बसलं होतं त्याच्याजवळ?”

इथे माणूस गेलं की घरचं कुणीतरी रात्रभर त्याच्यापाशी बसतं.

ताईंनी वही उघडली. नऊचं पान काढलं. ते कोरं होतं. भावाला म्हणाल्या, “इथेही लिही. चौदाचं आहे ते राहू दे. आणि नऊला उघडलं की चौदापर्यंत पान उलटायचं नाही. आता आपण बसू.”

“मधल्या पानांवर माणसं आहेत, ताई. बाराला माझी बायको आहे.”

“तिला तुझी वाट बघायची सवय आहे. थांबेल ती.”

ओओया-सान हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेवढंच पाहिलं. ब्रश आणला नव्हता, म्हणून आश्रमाच्या कचेरीतून साधं पेन मागून आणलं आणि नऊच्या पानावर त्यांनी नाव लिहिलं. परतताना स्टेशनवर म्हणाले, पेनची शाई पुसट होते, घरी गेल्यावर गिरवतो.

त्यानंतर दर महिन्याला नऊ ते चौदा त्यांच्या देव्हाऱ्यातली वही एकाच पानावर असे. त्या दिवसांत ते लांब कुठे जात नसत. एकदा दहा तारखेला त्यांची डॉक्टरांकडची वेळ होती, तर ‘तेवढा अर्धा तास’ म्हणून मला खाली बसवून गेले. मी लॅपटॉप घेऊन बसले, एक मीटिंग तिथेच केली. दुसऱ्या दिवशी माझ्या सायकलला चिठ्ठी होती. वस्तू बरोबर जागी आहे, असं तिच्यात लिहिलं होतं.

हे सगळं ताईंच्या वयाकडे बघून घाईने चाललं होतं, पण आधी ओओया-सानच गेले, या वर्षी फेब्रुवारीत, दवाखान्यात, न्यूमोनियाने. फोन ताईंचा आला. आवाज खणखणीतच. म्हणाल्या, अंत्यसंस्कार तेवीस तारखेला आहेत, तुम्ही या.

मी म्हटलं, “तेवीस लिहून घेतली. गेले कधी?”

“सोळाला. सकाळी सहा चाळीसला. हेच आधी सांगायला हवं होतं मी तुम्हाला.”

थंडीत इथे माणसं जास्त जातात आणि दहनाची जागा लवकर मिळत नाही. त्यांना अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीच्या शीतगृहात ठेवलं होतं, माझ्या ऑफिसपासून सायकलने अकरा मिनिटांवर. भेटायला दुपारी बारा ते दोन, एका वेळी पंधरा मिनिटं. ताईंना रोज येणं शक्य नव्हतं. सतरा ते बावीस मी रोज जात होते, कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत. तिथे करण्यासारखं काही नसतं. एक खुर्ची असते. मी त्यांना इमारतीतलं सांगायचे: दुसऱ्या मजल्यावरच्यांनी बाटल्या पुन्हा चुकीच्या दिवशी ठेवल्या, कोमात्सुनाला मी पाणी घातलं, वही मी सोळाला उघडून ठेवली आहे, कुणी उलटणार नाही.

दाराशी एक नोंदवही होती, तीन रकान्यांची: नाव, वेळ, नातं. तिसऱ्या रकान्यात मी सहाही दिवस ‘भाडेकरू’ लिहिलं.